इस्रायल बेसबॉल लीग २००७: एका उन्हाळ्यात जन्मली, त्याच उन्हाळ्यात गेली. का?

पिचवर_गवत (धागाकर्ता)

मंडळी, गेले आठ-दहा दिवस एका भलत्याच विषयात अडकलोय. घरच्यांनी ऐकून घेणं बंद केलं, म्हणून तुमच्या माथी मारतो.

२४ जून २००७, रविवार. तेल अविवजवळच्या पेताह तिकवामधलं यार्कोन क्रीडासंकुल. ३,११२ प्रेक्षक. मोदीइन मिरॅकलने पेताह तिकवा पायोनियर्सना ९-१ धुतलं आणि इस्रायलमधली पहिली व्यावसायिक बेसबॉल लीग सुरू झाली. १९ ऑगस्टला बेत शेमेश ब्लू सॉक्सने मोदीइनला ३-० हरवून करंडक उचलला. पुढचा हंगाम २००८ मध्ये होणार होता. तो अजून व्हायचाय.

सहा संघ (उरलेले तीन: तेल अविव लायटनिंग, नेतान्या टायगर्स, रानाना एक्स्प्रेस). खेळाडू सुमारे १२०. बहुतेक अमेरिकन, शिवाय डॉमिनिकन, ऑस्ट्रेलियन, कॅनेडियन वगैरे, आणि इस्रायली अगदी थोडे. दर्जा अमेरिकेतल्या मायनर लीगच्या (तिथल्या अव्वल मेजर लीगच्या खालच्या स्पर्धा) खालच्या पायऱ्यांचा. कल्पना बॉस्टनच्या लॅरी बारास नावाच्या उद्योजकाची. याचा धंदा बेगलचा (मधे भोक असलेलं भाजलेलं कडं), तोही भोक नसलेला, आत क्रीम चीज भरलेला बेगल! खेळाडू निवडायला बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा माजी जनरल मॅनेजर डॅन ड्युकेट, आणि लीगचा आयुक्त कोण, तर डॅनियल कर्ट्झर, अमेरिकेचा इस्रायलमधला माजी राजदूत. म्हणजे लोक काही ऐरेगैरे नव्हते.

माझं मत सरळ आहे: पैसे संपले म्हणून लीग मेली हे खरं असलं तरी ते कारण नव्हे. ज्यांच्यासाठी ती काढली ते लोक त्या देशात राहतच नव्हते. तुम्हाला काय वाटतं? आणि इथे कोणी तेव्हा इस्रायलमध्ये होतं का?

ठाणेकर_काका

बेसबॉल म्हणजे तो विटीदांडूचा श्रीमंत चुलतभाऊ ना? बरं. वाचतोय.

शिळी_कढी

भोक नसलेल्या बेगलला आपण पाव म्हणतो.

डावखुरी

@ठाणेकर_काका, असं नका बोलू. मी शाळा-कॉलेजात जळगावला सॉफ्टबॉल खेळलेय, पिचर (चेंडू टाकणारी) होते. आमच्याकडे मैदान म्हणजे ढेकळं. बेस म्हणून सिमेंटच्या पोत्यात माती भरून ठेवायचो, आणि त्यावर घसरलं की गुडघा महिनाभर बरा व्हायचा नाही.

पण गवतराव, त्या लीगचे नियम सांगा की. सात इनिंग्जचं काहीतरी होतं ना?

पिचवर_गवत

हो. नेहमीच्या नऊऐवजी सातच इनिंग्ज, सामना लवकर संपावा म्हणून. आणि बरोबरी झाली तर जादा इनिंग नाही, थेट होमरन डर्बी. दोन्ही संघांचे फलंदाज येऊन चेंडू कुंपणापार मारणार, ज्याचे जास्त तो जिंकला. अमेरिकेतल्या कर्मठ प्रेक्षकांनी यावर भरपूर नाकं मुरडली.

बोरघाट

नाकं मुरडणाऱ्यांना सांगा, त्याच वर्षी १४ सप्टेंबरला डर्बनमध्ये आपण पाकिस्तानला बोल-आउटवर हरवलं. सेहवाग, हरभजन, उथप्पा, तिघांनीही रिकाम्या यष्ट्या उडवल्या आणि त्यांचे तिघेही चुकले. ३-०. तेव्हा आमच्या चाळीत 'हे काय क्रिकेट आहे का' असं म्हणायला कोणी उठलं नाही. सगळे फटाके शोधत होते. २००७ सालाच्या पाण्यातच काहीतरी होतं.

आणि २००७ म्हटलं की आयसीएल आठवायलाच हवी. इंडियन क्रिकेट लीग, सुभाषचंद्र यांची. तिथेही पहिल्या वर्षी सहाच संघ. पंचकुलाच्या मैदानात दिवे लावून खेळवली. आपल्या मुंबई चॅम्प्सचा कप्तान ब्रायन लारा होता, हे आज पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. तीही दोन वर्षांत आटोपली. मानधन थकल्याच्या बातम्या तेव्हा येतच होत्या.

निवांत_म्हणे

आयसीएलची तुलना पटत नाही, बोरघाट. आयसीएलला मारायला बीसीसीआय बसलं होतं. खेळाडूंवर बंदी, कपिलदेवला अकादमीच्या पदावरून काढणं, आणि वर आयपीएल. रायुडू, बिन्नी (धाकटा), रोहन गावसकर वगैरे मंडळी माफी योजना आल्यावर परतली. म्हणजे तिथे मागणी होती. इतकी होती की थोरल्या भावाने दुकानच हिसकावून घेतलं. या इस्रायलच्या लीगला शत्रू कोण होता? कोणीच नाही. कोणी मारायलाही आलं नाही, हेच तिचं दुखणं.

पिचवर_गवत

हे वाक्य मी चोरणार आहे.

नवगावकर

नमस्कार. मी इथे बहुतेक वाचतोच, लिहीत नाही. पण धागाकर्त्याने विचारलं आहे कोणी तिथे होतं का, तर होतो. आहे. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, पेणहून १९७० साली इकडे आलो, मी तेव्हा ११ वर्षांचा. घर लोदला. फोनवर लिहितो आहे, मराठीही आता घरातल्या म्हाताऱ्यांपुरतीच उरली, चुका पदरात घ्या.

ती लीग सुरू झाली तेव्हा माझ्या कामावर एक जण ब्रुकलिनहून आलेला होता. त्याने दोन तिकिटं आणली आणि मला ओढून गेझेरला नेलं. गेझेर हा किबुत्झ, म्हणजे सामुदायिक शेतीचं गाव, आमच्यापासून लांब नाही. अमेरिकेतून येऊन राहिलेल्या लोकांनी १९८०च्या दशकात तिथे शेतात स्वतःच्या हातांनी बेसबॉलचं मैदान बनवलं होतं. आजूबाजूला शेतं. आणि उजव्या बाजूला, मैदानाच्या आत, दिव्याचा खांब! खेळाडू मागे बघत धावला तर खांबावरच जाणार. मी म्हटलं हे तर पेणच्या आमच्या आळीसारखं झालं, तिथे मधोमध आंब्याचं झाड होतं.

सामना मला कळला नाही. ब्रुकलिनवाला आनंदाने रडायचा बाकी होता. त्याच्या बापाने त्याला लहानपणी नेलं असेल तसं तो आपल्या पोराला घेऊन आला होता. पोरगं मात्र इथेच जन्मलेलं, ते फुटबॉलच्या गप्पा मारत बसलं. आमच्या आजूबाजूला सगळे इंग्रजी बोलत होते. हिब्रू मी ऐकली ती सरबत विकणाऱ्याकडून.

शिळी_कढी

@नवगावकर, लिहीत राहा हो. "हिब्रू ऐकली ती सरबतवाल्याकडून" यात अख्खा धागा आला.

ठाणेकर_काका

मैदानात खांब म्हणजे आमच्यासारखंच. झाडाला लागला तर दोन, गच्चीवर गेला तर आउट, जोशीकाकूंच्या खिडकीत गेला तर सामना समाप्त.

बोरघाट

काका, इंग्लंडमध्ये कँटरबरीच्या कौंटी मैदानात सीमारेषेच्या आत लिंडनचं झाड होतं. चेंडू त्याला लागला तर चार धावा. २००५ मध्ये वादळात पडलं, तर त्यांनी दुसरं लावलं. साहेबाने केलं की परंपरा, आपण केलं की गल्ली.

डावखुरी

अवांतर: नवगावकर, तुम्ही आयडी नवगावचा घेतलाय म्हणजे अलिबागजवळचं ना? गलबत फुटून सात जोडपी किनाऱ्याला लागली ती कथा? माझं सासर चौलकडचं. तिथल्या अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनवी या प्रेषिताच्या जागी मलिद्याला (पोहे-नारळाचा नैवेद्य) आलेले लोक दरवर्षी दिसतात.

नवगावकर

हो ताई, तेच नवगाव. आमचे पूर्वज तिथल्या किनाऱ्याला लागले असं आजी सांगायची. मलिदा आम्ही इकडेही करतो. पोहे इकडे भारतीय दुकानात मिळतात, नारळ महाग. सणाला चिकाचा हलवा पण होतो, पण त्यात पेणची चव नाही.

निवांत_म्हणे

मूळ विषयाकडे येतो. मला धागाकर्त्याचं म्हणणं अर्धंच पटतं. पैशाचा मुद्दा इतका हलका करू नका. सहा संघ, मैदानं फक्त तीन: यार्कोन, गेझेर आणि तेल अविवचं स्पोर्टेक. त्यातलं स्पोर्टेक हंगाम सुरू झाला तेव्हा तयारच नव्हतं. खेळाडू सगळे हाकफार हायारोक नावाच्या निवासी शाळेच्या वसतिगृहात, सगळे संघ एकत्र. म्हणजे 'आमचा गाव, आमचा संघ' हे नुसतं टोपीवर. नेतान्याचा संघ नेतान्यात राहत नाही आणि खेळतही नाही, तर नेतान्याच्या माणसाने कशाला टाळ्या वाजवायच्या? खेळाडूला सगळ्या हंगामाचे मिळून २,००० डॉलर, तेव्हाच्या भावाने ऐंशी-ब्याऐंशी हजार रुपये. आणि शेवटी अनेकांचे चेक वटले नाहीत. नोव्हेंबरात कर्ट्झर आणि सल्लागार मंडळातल्या बऱ्याच जणांनी राजीनामे दिले.

यात 'चुकीचा प्रेक्षक' वगैरे तत्त्वज्ञान कशाला? लग्नाचा मांडव घातला, केटररला द्यायला पैसे नाहीत. संपलं.

पिचवर_गवत

पण निवांतराव, मांडव कुठे घातला तेही बघा ना. वऱ्हाड सगळं बॉस्टन-न्यूयॉर्कला बसलंय. त्यांच्यासाठी सजावट चाललीय.

प्रशिक्षकांची नावं बघा. मोदीइनला आर्ट शॅम्स्की, १९६९ चा विश्वविजेता न्यूयॉर्क मेट्स संघ, ज्याला 'मिरॅकल मेट्स' म्हणतात, त्यातला. बेत शेमेशला रॉन ब्लूमबर्ग, बेसबॉलच्या इतिहासातला पहिला 'डेझिग्नेटेड हिटर' (६ एप्रिल १९७३, म्हणजे क्षेत्ररक्षण न करता नुसती फलंदाजी. आपल्या इम्पॅक्ट प्लेयरचे आजोबा). पेताह तिकवाला केन होल्ट्झमन, मेजर लीगमध्ये १७४ सामने जिंकलेला पिचर, ज्यू पिचरांत सर्वात जास्त. ही नावं ऐकून साठीतला अमेरिकन ज्यू माणूस खुर्चीतून उठेल. तेल अविवच्या रस्त्यावरचा माणूस कोण म्हणून विचारेल.

आणि कळस म्हणजे खेळाडूंच्या निवडीत शेवटचं नाव मोदीइनने घेतलं सँडी कूफॅक्सचं, जुन्या काळच्या गाजलेल्या ज्यू पिचरचं. वय ७१!

बोरघाट

७१?? म्हणजे आपल्याकडे एखाद्या नव्या लीगने लिलावात बापू नाडकर्णींचं नाव पुकारल्यासारखं.

डावखुरी

ते गमतीत नव्हतं पण. कूफॅक्सने १९६५ च्या वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगची अंतिम मालिका) पहिला सामना योम किप्पुरच्या, म्हणजे ज्यूंच्या सर्वात पवित्र, दिवशी आला म्हणून खेळायला नकार दिला होता. त्या समाजात आजही घराघरात सांगितली जाणारी गोष्ट आहे ती. त्याचं नाव शेवटी पुकारणं म्हणजे आपल्याकडे पंगतीत एक पान काढून ठेवतात ना, तसं. तो येणार नाही हे माहीत असतं. आलाही नाही.

पिचवर_गवत

तुमचं उदाहरण सुंदर, आणि माझ्याच बाजूचं! पान कोणासाठी काढलंय? जो जेवायला येणार नाही त्याच्यासाठी.

बरं, होल्ट्झमनही हंगाम संपायच्या आतच निघून गेला. लीगवर उघड टीका करून. संघ तळाला होता.

सदाशिव_नाही_नारायण

इतकं सगळं वाचून एक शंका. सामने शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ नव्हते म्हणे, शब्बाथमुळे. इस्रायलमध्ये तर शनिवारच सुट्टीचा, रविवारी सगळे कामावर. तिथल्या फुटबॉल लीगचे सामने शनिवारीच होतात आणि तोबा गर्दी होते. मग सुट्टीच्या दिवशी गल्ला बंद ठेवून खेळाचं दुकान चालवणार कसं?

शिळी_कढी

चितळे बंधू दुपारी दुकान बंद ठेवून चालवायचेच की.

सदाशिव_नाही_नारायण

चितळ्यांची बाकरवडी आधीच लोकांना आवडत होती. :)

डावखुरी

शनिवारवरून: कोकणात बेने इस्रायल लोकांना 'शनवार तेली' म्हणत. तेलाचे घाणे होते आणि शनिवारी घाणा बंद. शेकडो वर्षं गल्ला एक दिवस बंद ठेवून धंदा चालवला, तोही नीट. तेव्हा नुसता शनिवार हे कारण मला पुरत नाही.

नवगावकर

ताईंनी माझ्या मनातलं लिहिलं. माझे पणजोबा शनवार तेलीच.

पण सदाशिवराव म्हणतात त्यात तथ्य आहे. मी पाळणारा आहे तरी सांगतो. तेल रविवारी पण लागतं, शनिवारी नाही मिळालं तर माणूस दुसऱ्या दिवशी येतो. सामना तसा नाही. कामावरून रात्री थकून आलेला माणूस न कळणारा खेळ बघायला गाडी काढून जात नाही.

आता एक सांगतो जे इथे कोणी विचारलं नाही. ज्या वर्षी ही लीग आली आणि गेली, त्या वर्षी आम्ही क्रिकेट खेळत होतो. आधीही खेळत होतो, नंतरही. अश्दोद, बीरशेवा, दिमोना, लोद, जिथे जिथे आपली भारतातली माणसं वसली तिथे. दक्षिण आफ्रिकेकडून, इंग्लंडकडून आलेले पण होते. इस्रायल आयसीसीचा सभासद १९७४ पासून. मी स्वतः तेहतीस वर्षं ऑफस्पिन टाकली. प्रेक्षक किती? बायको, जेवणाचा डबा, आणि कोणाचा तरी कुत्रा. बक्षीस नाही, टीव्ही नाही. खेळपट्टी म्हणजे मॅट. ती गुंडाळून कोणाच्या तरी गाडीच्या टपावर. मैदान फुटबॉलवाल्यांनी मागितलं की आम्ही उठायचं.

आम्हाला कोणी हा खेळ इस्रायलला शिकवायला पाठवलं नव्हतं. आमच्या शेजाऱ्यांनाही तो कळत नाही, अजून विचारतात की दोन दिवस कसला खेळता. पण आमच्या बापाने पेणच्या वाळवंटात शिकवला तो सोडवत नव्हता, एवढंच. म्हणून त्या ब्रुकलिनवाल्याला मी हसलो नाही. फरक एकच वाटला. त्याच्या सामन्यात खेळणारे सगळे पाहुणे होते. ऑगस्ट संपला, विमानात बसले.

निवांत_म्हणे

+१००. माझा केटररचा मुद्दा मागे घेत नाही, पण खाली ठेवतो.

ठाणेकर_काका

नवगावकर, ऑफस्पिनरला ऑफस्पिनरचा दंडवत. तेहतीस वर्षांत हॅट्ट्रिक?

नवगावकर

एक. तिसरा झेल माझ्या मेव्हण्याने घेतला, त्यामुळे आजतागायत ती त्याची हॅट्ट्रिक आहे.

निळी_छत्री

उशिरा येतेय. सगळ्यांनी लीगला मातीत घातलंच आहे तर थोडी उकरते.

२०१७ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये इस्रायलने दक्षिण कोरियाला सोलमध्ये हरवलं, मग तैवान, मग नेदरलँड्स. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला सहाच संघ होते, त्यातला एक इस्रायल, आणि मेक्सिकोला हरवून पाचवा आला. शून्यातून हे होत नाही. २००७ ला तेल अविवकडून खेळलेला नेट फिश पुढे याच राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. तेव्हा लीग वाया गेली असं मी म्हणणार नाही.

सदाशिव_नाही_नारायण

पण त्या संघातली बहुतेक मुलं अमेरिकेत जन्मलेली, तिथल्याच मेजर-मायनर लीगमध्ये तयार झालेली. क्लासिकमध्ये नियमच असा की नागरिकत्व मिळण्याची पात्रता असली तरी चालतं. ऑलिंपिकला प्रत्यक्ष पासपोर्ट लागतो, म्हणून मग ते काढले. यात २००७ च्या लीगचा वाटा किती? पुन्हा तेच, वऱ्हाड बॉस्टनचं.

निळी_छत्री

बहुतेक, सगळी नाही. टोकियोच्या संघात अलोन लाइखमन नावाचा पिचर होता. इस्रायलमध्ये जन्मलेला. कुठे? किबुत्झ गेझेरला. ते मैदान बनवणाऱ्यांत त्याचा बाप होता, पोरगं त्यावरच वाढलं. २०२३ मध्ये तो सिनसिनाटी रेड्सचा सहायक पिचिंग प्रशिक्षक झाला. मेजर लीगच्या प्रशिक्षकांत इस्रायलमध्ये जन्मलेला पहिलाच.

पिचवर_गवत

थांबा, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे नवगावकरांनी पाहिलं ते खांबवालं मैदान?

निळी_छत्री

तेच. पण लक्षात घ्या, ते लीगने बांधलेलं नाही. लीगच्या वीसेक वर्षं आधी तिथल्या लोकांनी स्वतःला खेळायला बांधलं. लीगने एक उन्हाळा वापरलं.

पिचवर_गवत

मग माझं मत दुरुस्त करतो. मी म्हटलं होतं लीग ज्यांच्यासाठी होती ते त्या देशात नव्हते. असे लोक थोडे होते. गेझेरला होते, नवगावकरांच्या शेजारच्या खुर्चीत होते. सहा संघ, आयुक्त, राजदूत, १२० पाहुणे यांच्याऐवजी त्या थोड्यांसाठी काढली असती तर कदाचित चार संघांची, बिनपगारी, मॅट टपावर टाकून फिरणारी झाली असती. तिला लीग म्हटलं असतं का हा प्रश्न वेगळा.

निवांत_म्हणे

आणि तुम्ही तिच्यावर धागा काढला नसता.

शिळी_कढी

नवगावकर, त्या ब्रुकलिनवाल्याचं पुढे काय झालं?

नवगावकर

निवृत्त झाला, रानानाला राहतो. लीग बुडाली त्याच्या पुढच्या वर्षी मी त्याला आमच्या सामन्याला नेला, परतफेड म्हणून. चार तास बसला. डबा खाल्ला, कोलंबी नाही म्हणून सांगितल्यावर माशाचं कालवण दोनदा घेतलं. शेवटी मला विचारतो, तुझा तो अंपायर कोट का सांभाळतोय, तो खेळाडूंचे स्वेटर कमरेला का बांधतो. सगळं समजावलं. मग म्हणाला, हा तुमचा खेळ फार सावकाश आहे.

ठाणेकर_काका

बेसबॉलवाल्याने हे म्हणावं!